खेळाचा संगणक : दिव्यांना भुलू नका, आतले बघा!

शाळेचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डावरील नावे, पावसाळ्यातली गळती असे विषय आम्ही या सदरात नेहमी घेतो. आज जरा वेगळा विषय घेत आहोत. काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. "आता पोरांच्या खेळाचाही विचार तुम्ही करणार काय?" असे विचारतील. करणार! कारण या खेळापायी तीस-तीस, चाळीस-चाळीस हजार रुपये घराबाहेर जात आहेत आणि ते नेमके कशावर जातात हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक नसते. जिथे पैसा आपला आणि माहिती दुसऱ्याची, तिथे फसवणूक ठरलेली.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्याच चाळीतल्या एक ताई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. यजमान सोसायटीत रखवालदार. मुलगा तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला. ताईंची भिशी लागली होती, चाळीस हजारांची. मुलाला दहावीनंतर शब्द दिला होता की, चांगले गुण आण, खेळायचा संगणक घेऊ. मुलाने गुण आणले. आता शब्द पाळायची पाळी आईची होती.

ताईंनी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. 'गेमिंग पीसी. आय-सेव्हन प्रोसेसर. १६ जीबी रॅम. ग्राफिक कार्ड. रंगीत दिवे. फक्त २८,०००.' त्या म्हणाल्या, "दादा, पोरगा म्हणतो हा नको, सुटे भाग घेऊन जोडू. त्याला चाळीस लागतील. हा तर अठ्ठावीसला तयार मिळतोय. बारा हजार वाचतात. मला यातलं एक अक्षर कळत नाही. पोरगा खरं बोलतोय, का…"

पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आईला मुलावर संशय घ्यायचा नव्हता आणि डोळे झाकून पैसेही द्यायचे नव्हते.

आम्ही जाहिरात पाहिली आणि आमच्या पोटात कालवले. कारण अगदी अशाच एका संगणकाला आम्ही स्वतः भुललो होतो.

आमचीच फजिती

२०२१ साली आम्ही आमच्या भाच्याला हौसेने असाच एक तयार संगणक घेऊन दिला. 'आय-सेव्हन' म्हणजे सगळ्यात भारी, एवढेच आम्हास माहीत. पेटीला काच, आत निळे-लाल दिवे. दुकानदाराने बटण दाबले आणि आम्ही पैसे मोजले. बिल मागितले नाही, कारण बिल नसेल तर स्वस्त पडेल असे तो म्हणाला.

पुढे कळले की, आय-सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आले आहे. नावाने काही ठरत नाही, पुढच्या आकड्याने ठरते. आमच्या पेटीत होता आय-सेव्हन २६००. चार आकडी संख्येतला पहिला आकडा म्हणजे पिढी. २६०० म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. दहा वर्षांचा जुना प्रोसेसर काचेत घालून आम्हास नवा म्हणून विकला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज ११ आले आणि त्याच्या यादीत हा प्रोसेसर नव्हता. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर त्या यादीत आहेत. आता तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित आधारही बंद झाला आहे. म्हणजे असा जुना माल आज घेणे दुप्पट चुकीचे.

उलट १२१०० या आकड्याचा साधा आय-थ्री बघा. पाच आकडी संख्या असेल तर पहिले दोन आकडे म्हणजे पिढी. ही बारावी पिढी, साल २०२२. नाव आय-थ्री असले तरी खेळात तो त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो.

आमची फजिती एवढ्यावर थांबली नाही. आठ महिन्यांत संगणकाला वीज पुरवणारा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो जळाला. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "बिल दाखवा." भाच्याने आम्हास एका शब्दाने दोष दिला नाही. ती काचेची पेटी त्याने पुसून ठेवली आणि तिच्यावर पुस्तके रचली. तो काही बोलला असता तर आम्हास कमी लागले असते.

हे सारे आम्ही ताईंना सांगितले आणि म्हणालो, "ताई, पोरगा खरं बोलतोय. त्याला बोलवा. यादी तिघे मिळून करू."

आधी खेळ विचारा, मग भाग

मुलगा आला. वही उघडून बसला. आम्ही पहिला प्रश्न केला, "तुला खेळायचं काय?" वाचकहो, हा प्रश्न घरोघरी पहिला विचारला पाहिजे. चपला घेताना पायाचे माप घेतो ना, तसेच हे. तो म्हणाला, "व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए-५. नवे मोठे खेळ नंतर बघू." शिवाय कॉलेजचे ड्रॉइंग आणि व्हिडिओ जोडायचे काम.

मग प्रोसेसर ठरला : रायझेन ५ ५६००जी. २०२१ साली बाजारात आलेला, सहा कोअरचा. शेवटचे 'जी' अक्षर महत्त्वाचे. याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय आहे, वेगळे ग्राफिक कार्ड नसले तरी चालते. मुलाने सांगितलेले खेळ चित्राचा दर्जा कमी ठेवून यावर चांगले चालतात. नवे, जड खेळ मात्र यावर चालतील अशी आशा धरू नये. कार्ड पुढे, पैसे साठल्यावर. इंटेलच्या प्रोसेसरच्या शेवटी 'एफ' असेल तर अर्थ उलटा. त्यात चित्राची सोय नाही, कार्ड नसेल तर पडदा काळाच. एका अक्षराचा हा फरक न पाहिल्याने पुष्कळ मुले घरी येऊन कपाळाला हात लावतात.

प्रोसेसर 'बॉक्स'मधला घ्यावा. बाजारात 'ट्रे'चा मालही मिळतो. थोडा स्वस्त असतो, पण सोबत पंखा मिळत नाही आणि हमी बहुधा दुकानदाराच्या तोंडची. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची हमी असते.

रॅमचे दोन नळ

मुलाच्या वहीत १६ जीबीची एक रॅम लिहिली होती. आम्ही ती खोडून ८ जीबीच्या दोन लिहायला सांगितल्या. ताईंनी विचारले, "बेरीज तर तीच ना?" बेरीज तीच, पण काम वेगळे. चाळीत एका नळाला रांग लागते ती दोन नळ झाले की निम्मी होते, तसेच हे. डीडीआर४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते. दोन पट्ट्या दोन वाटांनी ५१.२ जीबी देतात. वेगळे कार्ड नसते तेव्हा चित्राचे कामही याच रॅममधून चालते, म्हणून खेळात हा फरक डोळ्यांना दिसतो.

मदरबोर्ड ए५२० किंवा बी५५० जातीचा चालतो. बी४५० ही चालतो, पण तो २०१८ सालचा नमुना. ५६००जी त्यानंतर तीन वर्षांनी आला. म्हणून आतला बायोस प्रोग्रॅम नवा करून दिला आहे का हे दुकानातच विचारून घ्यावे. माहिती साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. नुसत्या जुन्या चकतीच्या हार्डडिस्कवर आज संगणक चालवणे म्हणजे बैलगाडीने लोकल गाठणे.

सगळ्यात स्वस्तात कशाला जाऊ नये?

एसएमपीएसला! हे आम्ही पोळलेल्या हाताने लिहीत आहोत. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यावर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' छापलेले असते. त्यावर विश्वास ठेवू नये. बाजूला बारीक अक्षरात तक्ता असतो. त्यात '+१२ व्होल्ट' या रकान्याखाली अँपिअरचा आकडा बघावा आणि त्याला बाराने गुणावे. प्रोसेसर आणि कार्ड यांना जी खरी वीज मिळते ती एवढीच. चांगल्या ४५० वॅटच्या डब्यावर हा आकडा ३५ च्या आसपास असतो. '८० प्लस ब्राँझ' असा शिक्का असलेला, नावाजलेल्या बनावटीचा घ्यावा. एसएमपीएस वाईट असेल तर तो एकटा मरत नाही, घरातल्या चार जणांना घेऊन जातो.

पैसे कमी करायचेच असतील तर काच, दिवे आणि पंखे यांत करावेत. कॅबिनेटला समोरून जाळी हवी, हवा आत यायला. पुढे सबंध काच लावलेली पेटी दिसायला राजबिंडी, पण आतले भाग उन्हाळ्यात भाजून निघतात.

बाजारात

शनिवारी तिघे ग्रँट रोड स्टेशनला उतरलो आणि चालत लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळी मुंबई जुन्याच नावाने ओळखते. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. ताईंनी पैसे पदराच्या गाठीत नाही, मुलाच्या बँक खात्यात ठेवले होते. तरी हात पदरावरच होता.

तीन दुकानांत भाव विचारून चौथ्या दुकानात बसलो. दुकानदार गोड बोलणारा. म्हणाला, "एसएमपीएसवर कशाला खर्च करता? कॅबिनेटबरोबर फ्री देतो." मुलाने तो डबा हातात घेतला, उलटा केला, बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, "बारा व्होल्टवर सोळा अँपिअर. सोळा गुणिले बारा, एकशे ब्याण्णव. वर तर साडेचारशे लिहिलंय."

दुकानदार गप्प झाला. ताई मुलाकडे बघत राहिल्या. त्या नजरेतला संशय त्या क्षणी गेला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पुढे दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, अठरा टक्के." आता ताईच बोलल्या, "भाऊ, बिघडलं तर कंपनीला काय दाखवू, तुमचा चेहरा? पक्कं बिल द्या, आणि त्यावर नंबर घाला." प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला.

त्या दिवशीचा हिशेब असा : प्रोसेसर ११,०००, मदरबोर्ड ५,८००, दोन रॅम ३,४००, एसएसडी ३,२००, एसएमपीएस ३,६००, कॅबिनेट २,३००, चोवीस इंची मॉनिटर ७,२००, कीबोर्ड-माउस ९००. एकूण ३७,४०० रुपये. हे त्या दिवसाचे, त्या दुकानाचे भाव. आज हेच मिळतील असे समजू नये.

उरलेले २,६०० रुपये ताई परत भिशीच्या डब्यात टाकणार होत्या. आम्ही म्हणालो, "हे वायरमनला द्या." आपल्या जुन्या खोल्यांत तीन भोकांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. अर्थिंगच नसते. मग पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात आणि मुले हसण्यावारी नेतात. ही हसण्याची गोष्ट नाही. परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, मगच संगणक लावावा. पेटी जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात पाणी कुठून येते हे आपल्याला सांगायला नको.

पडदा काळाच!

रविवारी ताईंच्या खोलीत चटई अंथरून जोडणी झाली. शेजारची पाच-सहा मुले दारात. मुलाने सगळे नीट लावले, बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. पुन्हा दाबले. काळाच. पोराचा चेहरा उतरला. चाळीस हजार आणि ते कोणाच्या कष्टाचे हे त्याला माहीत होते. ताई काही बोलल्या नाहीत. पोहे ढवळत राहिल्या.

आम्ही म्हणालो, "प्लग काढ, रॅम काढून परत बसव." असे होते. रॅम बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. त्याने दाबली. एक कट्, दुसरा कट्. बटण दाबले आणि पडद्यावर अक्षरे आली. दारातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी तेव्हा कुठे गॅस बंद केला.

कार्ड पुढल्या वर्षी

२०२५ च्या मे महिन्यात सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून मुलाने वापरलेले ग्राफिक कार्ड घेतले, आरएक्स ६६००, आठ जीबीचे. हे कार्ड १३२ वॅट खाते. एसएमपीएस आधीच चांगला घेतला होता म्हणून तो बदलावा लागला नाही. सुरुवातीला केलेला खर्च असा कामी येतो.

वापरलेले कार्ड घेताना डोळे उघडे ठेवावेत. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम हे आभासी चलन काढायला लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवत. ते बंद झाल्यावर ढिगाने कार्डे बाजारात आली. काही ठीक, काही दमलेली. शिवाय फार जुन्या कार्डाचे नाव बदलून नवे म्हणून विकणारेही आहेत. म्हणून विकणाऱ्याच्या समोर जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवून नाव ताडावे, अर्धा तास जड खेळ चालवून बघावा, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का, पंखा घरघरतो का, हे पाहावे. मूळ बिल आणि उरलेली हमी मागावी. 'आधी पैसे पाठवा, कुरिअर करतो' म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

कार्ड घरी लावले आणि मुलगा धावत आला, "काका, काहीच फरक नाही!" जाऊन पाहिले तर मॉनिटरची वायर जुन्याच जागी, मदरबोर्डला. ती कार्डाला लावायची असते. लावली आणि खेळ पाण्यासारखा वाहू लागला. अशा चुका सर्वांच्या होतात. लाजू नये.

आणखी एक सांगायचे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी कारखान्यांचा माल तिकडे वळला, आणि ताईंच्या मुलाने घेतलेली रॅम वर्षभरात दुपटीच्या पुढे गेली. म्हणून आज यादी करताना रॅम आणि एसएसडीचा त्या दिवसाचा भाव आधी विचारा, मग बाकीचे ठरवा. वापरलेली डीडीआर४ रॅम घेणे वाईट नाही. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम चालवून चुका शून्य आल्या तरच घ्यावी.

शेवटची गोष्ट

ताईंच्या घरी एक नियम ठरला आहे. रात्री दहाला संगणक बंद, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी, आणि खेळातल्या वस्तू विकत घ्यायला घरचा यूपीआय पिन कोणी मागायचा नाही. धाकटी बहीणही खेळते. तिची पाळी ठरलेली आहे, भावाच्या मर्जीवर नाही. हा नियम ताईंचा.

हे सारे झाल्यावर आम्ही भाच्याकडे गेलो. म्हणालो, "बाळा, त्या वेळी आम्ही तुला जुना माल घेऊन दिला. आम्हाला कळलं नाही." तो हसला. म्हणाला, "मामा, मला त्याच दिवशी कळलं होतं. पेटी उघडल्याबरोबर. पण तुम्ही एवढ्या हौसेने आणलं होतं, कसं सांगू?"

वाचकहो, त्याला कळत होते आणि आम्ही त्याला विचारलेच नव्हते! दुकानात त्याला सोबत नेले असते तर आमचे पैसे वाचले असते आणि त्याची चार वर्षेही. म्हणून सुट्या भागांच्या यादीत पहिली ओळ ही लिहा : ज्याच्यासाठी घ्यायचे त्याला शेजारी बसवा, वही त्याच्या हातात द्या आणि पैशाचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. चाळीस हजार किती दिवसांच्या कष्टाचे असतात हे ज्या मुलाला माहीत आहे, तो रंगीत दिव्यांना भुलत नाही.

यादी करून कोणाला दाखवायची असेल तर जरूर पाठवा. घाई करू नका. सण पुन्हा येतात, भिशी पुन्हा लागायला वर्ष जाते.